अमेरिकेतल्या फेडरल न्यायाधीशाची कारकीर्द : मॉन्टगमेरीच्या फ्रँक जॉन्सन यांच्यावरून एक उत्तर

पुण्यात कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे : "अमेरिकेत फेडरल न्यायाधीशाला परीक्षा नाही, निवृत्तीचं वय नाही, बदली नाही, आणि नेमणूक आयुष्यभराची. मग त्यांची कारकीर्द असते तरी कशी? बढती कशी मिळते? आणि लोकांनी निवडून न दिलेल्या माणसाच्या हाती एवढा अधिकार देणं बरोबर आहे का?"

मी वकिली साताऱ्यात सुरू केली आणि नंतरची सगळी अटलांटात केली. बहुतेक दावे फेडरल कोर्टातले, नोकरीतल्या भेदभावाचे. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी त्या न्यायाधीशांसमोर उभं राहणाऱ्या माणसाच्या बाजूने देतो.

आधी यंत्रणा. आपल्याकडे कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाची परीक्षा देऊन पोरं पंचविशीत न्यायासनावर बसतात, दर काही वर्षांनी बदली होते, पुढे वरिष्ठ स्तर, जिल्हा न्यायाधीश अशी वाटचाल होते. इथे तसं काहीच नाही. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, सिनेट मंजुरी देते. राज्यघटनेत वयाची अट नाही, कायद्याच्या पदवीचीसुद्धा नाही. प्रत्यक्षात पंधरा-वीस वर्षं वकिली किंवा सरकारी वकिली केलेलीच माणसं येतात, आणि त्या राज्याच्या सिनेटरांचा शब्द फार चालतो. एकदा नेमणूक झाली की "वर्तन चांगलं आहे तोवर" पद कायम, आणि पदावर असेपर्यंत पगारात कपात करता येत नाही. ही दोन्ही वाक्यं घटनेच्या तिसऱ्या कलमात आहेत आणि न्यायाधीशाचं सगळं स्वातंत्र्य त्यांच्यावर उभं आहे. खाली 94 जिल्हा न्यायालयं, त्यांच्यावर 13 अपील न्यायालयं, सर्वांत वर नऊ जणांचं सर्वोच्च न्यायालय. जिल्हा न्यायालयातून अपील न्यायालयात जायचं तर पुन्हा नव्याने नामनिर्देशन आणि पुन्हा सिनेट. बहुसंख्य न्यायाधीश जिथे नेमले जातात तिथेच, त्याच इमारतीत, म्हातारे होतात. जिल्ह्याचं मुख्य न्यायाधीशपद ज्येष्ठतेने येतं, पण त्यामुळे इतरांच्या निकालांवर काडीचाही अधिकार मिळत नाही.

म्हणून बढतीचा प्रश्न बाजूला ठेवा. कारकीर्द समजून घ्यायची तर खालच्या कोर्टातला एखादा न्यायाधीश धरून त्याच्या निकालांमागून चालत जावं लागतं. मी फ्रँक मिनिस जॉन्सन यांचं नाव घेईन. अलाबामाचा मध्य जिल्हा, मॉन्टगमेरी, 1955 ते 1979. नंतर अपील न्यायालय. आम्ही वकील ज्या अकराव्या सर्किटमध्ये (म्हणजे अलाबामा, जॉर्जिया, फ्लोरिडा यांच्यावरच्या अपील न्यायालयाच्या क्षेत्रात) काम करतो तिथे त्यांचं नाव आजही रोज कुठल्या ना कुठल्या युक्तिवादात येतं.

जॉन्सन यांचा जन्म 1918 सालचा, उत्तर अलाबामातल्या विन्स्टन परगण्यातला. हा डोंगराळ, गरीब मुलूख. गुलाम ठेवण्याइतकी मोठी शेती तिथे फारशी नव्हतीच, आणि 1861 मध्ये राज्य संघराज्यातून फुटलं तेव्हा या परगण्याने विरोध केला होता. सगळं अलाबामा डेमोक्रॅटिक पक्षाचं असताना विन्स्टनमध्ये रिपब्लिकन घराणी टिकून राहिली. जॉन्सन त्यातलेच. अलाबामा विद्यापीठातून 1943 मध्ये कायद्याची पदवी घेतली. तिथे सोबत शिकणाऱ्यांत जॉर्ज वॉलेस होते, ते पुढे राज्याचे गव्हर्नर झाले. दुसऱ्या महायुद्धात जॉन्सन पायदळातून नॉर्मंडीच्या लढाईत गेले, जखमी झाले, परतून जॅस्पर या छोट्या गावात वकिली करू लागले. राष्ट्राध्यक्षपदाच्या 1952 च्या निवडणुकीत त्यांनी अलाबामातल्या माजी सैनिकांमध्ये रिपब्लिकन उमेदवार आयझेनहॉवर यांचा प्रचार सांभाळला. आयझेनहॉवर निवडून आले आणि 1953 मध्ये जॉन्सन उत्तर अलाबामाचे फेडरल सरकारी वकील झाले. त्या पदावर असताना त्यांनी एका शेतमालक कुटुंबातल्या दोन भावांवर कृष्णवर्णीय मजुरांना वेठबिगारीत ठेवल्याचा खटला चालवला आणि गोऱ्या ज्यूरीकडून त्यांना दोषी ठरवून घेतलं.

यात राजकारण आहे का? आहे, आणि ते लपवण्यासारखं नाही. ज्या राज्यात रिपब्लिकन वकील बोटांवर मोजण्याइतके, तिथे रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षाला नेमायला माणूस कुठून मिळणार? जॉन्सन नेमले गेले ते त्यांच्या पक्षामुळे. इथे बहुतेक सगळेच न्यायाधीश असेच येतात. वकील म्हणून मी हे गृहीतच धरतो. माझं लक्ष असतं ते नेमणूक झाल्यावर पुढच्या वर्षांत तो माणूस काय करतो याकडे.

तारखा पाहा. 22 ऑक्टोबर 1955 ला सिनेटचं अधिवेशन नसताना तात्पुरती नेमणूक झाली. वय 36. 1 डिसेंबरला मॉन्टगमेरीच्या बसमध्ये रोझा पार्क्स यांना अटक झाली आणि कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला. 31 जानेवारी 1956 ला सिनेटने जॉन्सन यांची नेमणूक कायम केली, आणि दुसऱ्याच दिवशी, 1 फेब्रुवारीला, फ्रेड ग्रे या तरुण कृष्णवर्णीय वकिलाने शहराच्या बसमधल्या वेगळ्या आसनांविरुद्ध दावा दाखल केला. ऑरेलिया ब्राउडर, सुझी मॅकडोनल्ड, क्लॉडेट कॉल्विन, मेरी लुईस स्मिथ या वादी. कॉल्विन तेव्हा शाळकरी मुलगी होती.

त्या काळी राज्याचा कायदा घटनाबाह्य ठरवायचा असेल तर जिल्हा न्यायालयात तिघांचं पीठ बसायचं, त्यात किमान एक अपील न्यायालयाचा न्यायाधीश असायचा, आणि तिथून अपील थेट सर्वोच्च न्यायालयात जायचं. इथे रिचर्ड राइव्ह्ज, सीबर्न लिन आणि जॉन्सन बसले. मे महिन्यात सुनावणी झाली. नंतर तिघे चेंबरमध्ये गेले. प्रथेप्रमाणे सर्वांत कनिष्ठ न्यायाधीशाने आधी मत द्यायचं, म्हणजे ज्येष्ठांच्या मताचं दडपण येत नाही. जॉन्सन यांनी सांगितलं की सार्वजनिक वाहतुकीत राज्याने लादलेलं विभाजन घटनेविरुद्ध आहे आणि मी वादींच्या बाजूने आहे. राइव्ह्ज त्यांच्याशी सहमत झाले. लिन यांनी विरोधी निकाल लिहिला.

लिन यांचा मुद्दा तांत्रिक होता, आणि तो टाकाऊ नव्हता. 1896 च्या प्लेसी खटल्यातलं "वेगळं पण समान" हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1954 च्या ब्राउन निकालात शाळांपुरतं मोडलं होतं. बसबद्दल त्या निकालात एक शब्द नव्हता. खालच्या कोर्टाने वरच्या कोर्टाचा जुना निकाल मेला असं स्वतः ठरवायचं का? जॉन्सन आणि राइव्ह्ज म्हणाले, ब्राउनचं तर्कशास्त्र नीट वाचलं तर प्लेसीचा आधार उरतच नाही. 5 जून 1956 ला दोन विरुद्ध एक असा निकाल लागला. 13 नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला आणि डिसेंबरमध्ये, 381 दिवसांनी, बहिष्कार संपला.

आता याच्या शेजारी दुसरा खटला ठेवा. अलाबामातल्या टस्कीगी शहराची हद्द 1957 मध्ये विधिमंडळाने अशी बदलली की चौकोनी शहर 28 बाजूंचं झालं आणि सुमारे 400 कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच सोडून सगळे हद्दीबाहेर गेले. एकही गोरा मतदार बाहेर गेला नाही. दावा जॉन्सन यांच्यापुढे आला आणि त्यांनी तो फेटाळला. हद्दी आखणं हा राजकीय प्रश्न, त्यात न्यायालयाने पडू नये, असं सर्वोच्च न्यायालयाचे तेव्हाचे निकाल सांगत होते, आणि त्यांनी ते पाळले. 1960 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांचा निकाल फिरवला.

मी तरुण वकिलांना हे दोन निकाल मुद्दाम एकत्र वाचायला लावतो. जॉन्सन यांना नुसतं "सुधारक न्यायाधीश" म्हणून बाजूला ठेवलं तर दुसरा निकाल समजतच नाही. त्यांना जिथे वरच्या कोर्टाचा दरवाजा उघडा दिसला तिथे ते निर्भयपणे आत गेले, आणि जिथे बंद दिसला तिथे थांबले. टस्कीगीत ते जास्तच थांबले असं माझं मत आहे. 28 बाजूंचा नकाशा समोर ठेवल्यावर हेतू शोधायला वेगळा पुरावा लागत नाही. पण एकच माणूस, त्याच वर्षांत, दोन्ही निकाल देतो यातून त्याची शिस्त कळते. 1961 मध्ये फ्रीडम रायडर्सना, म्हणजे आंतरराज्य बसप्रवासातल्या वर्णभेदाविरुद्ध एकत्र प्रवास करणाऱ्या कृष्णवर्णीय आणि गोऱ्या कार्यकर्त्यांना, मॉन्टगमेरीच्या बसस्थानकावर बेदम मारहाण झाली तेव्हा त्यांनी कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटनेवर आणि मॉन्टगमेरीच्या पोलिसांवर मनाई हुकूम काढला, आणि काही दिवसांपुरती या प्रवासांच्या आयोजक संघटनांनाही मनाई केली. नागरी हक्कांच्या वकिलांना तो आदेश आवडला नव्हता.

त्याआधीची एक गोष्ट. जॉर्ज वॉलेस तेव्हा परगण्याचे राज्य न्यायाधीश होते. 1958 च्या अखेरीस फेडरल नागरी हक्क आयोगाने मतदार नोंदणीचं दप्तर मागितलं, वॉलेस यांनी नकार दिला. जॉन्सन यांनी ते हजर करण्याचा आदेश काढला. जॉन्सन यांनी नंतर सांगितलेली हकिगत अशी की वॉलेस एका रात्री त्यांच्या घरी आले आणि अवमानाबद्दल थोड्या दिवसांची कैद द्या अशी गळ घातली. म्हणजे निवडणुकीत मिरवायला तुरुंगवासही मिळाला असता आणि त्रासही फारसा झाला नसता. जॉन्सन यांनी सांगितलं, दप्तर दिलं नाहीत तर जमेल तेवढी मोठी शिक्षा देईन. वॉलेस यांनी दप्तर ग्रँड ज्यूरींमार्फत (खटला भरायचा का ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळांमार्फत) आयोगाच्या हाती जाऊ दिलं आणि बाहेर येऊन आपण झुकलो नाही असं सांगत सुटले. जॉन्सन यांनी निकालात स्वच्छ लिहिलं की आडमार्गाने का होईना आदेश पाळला गेला आहे, सबब अवमान झालेला नाही. राजकारण्याला हुतात्मा होऊ न देणं हेही न्यायाधीशाचं एक कौशल्य आहे. ते कुठल्याच अभ्यासक्रमात शिकवत नाहीत.

यानंतर 1965 चा मार्च. या एका महिन्यात मला अख्खी कारकीर्द दिसते.

7 मार्चला सेल्मा गावाच्या पुलावर मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या सुमारे 600 लोकांवर राज्य पोलिसांनी अश्रुधूर सोडला, लाठ्या चालवल्या, घोडे घातले. दुसऱ्या दिवशी मोर्चेकरी जॉन्सन यांच्या कोर्टात आले : होझिया विल्यम्स, जॉन लुईस, अमेलिया बॉइंटन. प्रतिवादी गव्हर्नर वॉलेस. मागणी अशी की आम्हाला सेल्मापासून मॉन्टगमेरीपर्यंत चालत जाऊ द्या आणि राज्याला अडवू देऊ नका. जॉन्सन यांनी पहिला आदेश मोर्चेकऱ्यांविरुद्ध दिला. सुनावणी होईपर्यंत मोर्चा काढायचा नाही. 9 मार्चला मार्टिन ल्यूथर किंग पुलापर्यंत गेले, प्रार्थना केली आणि परतले. त्यांच्याच माणसांनी त्यांना त्याबद्दल धारेवर धरलं.

11 मार्चपासून सुनावणी चालली. साक्षीदार तपासले, उलटतपासणी झाली, पुलावरच्या हल्ल्याची टीव्हीसाठी टिपलेली फिल्म कोर्टात दाखवली. किंग यांनी 9 तारखेचा आदेश मोडला का, हेही जॉन्सन यांनी पुरावा घेऊन तपासलं आणि मोडला नाही असं ठरवलं. मग वादींच्या वकिलांकडून मोर्चाची लेखी योजना घेतली. किती लोक, कुठल्या रस्त्याने, रोज किती अंतर, रात्री मुक्काम कुणाच्या जमिनीवर, जेवण कसं पोचणार, शौचालयं कशी, कचरा कोण उचलणार. 17 मार्चला निकाल दिला आणि ती योजना आदेशाचा भाग केली.

त्या निकालातलं मुख्य तत्त्व असं. रस्त्यावर शांततेने चालण्याचा हक्क किती मोठा मानायचा, हे ज्या अन्यायाविरुद्ध लोक चालत आहेत तो किती मोठा आहे त्यावरून ठरवायचं. आणि या प्रकरणातला अन्याय प्रचंड आहे. हे कायद्यात नवीनच होतं. हमरस्ता अडवून 87 किलोमीटर चालणं हा एरवी कुणाचा हक्क नव्हे, आणि अनेक कायदेपंडितांनी या तोलावर टीका केली. उद्या कोणीही आपला अन्याय सर्वांत मोठा म्हणेल, मग न्यायाधीश काय तराजू घेऊन बसणार का? टीका गंभीर आहे. पण जॉन्सन यांनी तराजूत नुसत्या भावना टाकल्या नव्हत्या. मोर्चाच्या वाटेवरच्या लाउंड्स परगण्यात कृष्णवर्णीयांची संख्या गोऱ्यांहून कितीतरी जास्त होती आणि त्या वर्षाच्या सुरुवातीला मतदार यादीत त्यांचं एकही नाव नव्हतं. नोंदणीचे अर्ज, अटका, मारहाण, हे सगळं एकेका साक्षीने शाबीत झालेलं होतं.

आणि मग ते बारीक कलम. रस्ता जिथे दोनपदरी आहे तिथे 300 पेक्षा जास्त माणसं चालणार नाहीत. चारपदरी भागात संख्येचं बंधन नाही. म्हणजे न्यायाधीशाने वाहतुकीची राज्याची तक्रारही ऐकली होती. 21 मार्चला मोर्चा निघाला. वॉलेस यांनी संरक्षणाचा खर्च झेपत नाही असं कळवलं, तेव्हा राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी अलाबामाचं नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचं राखीव सैन्यदल, केंद्राच्या ताब्यात घेतलं. 25 तारखेला मॉन्टगमेरीत पोचेपर्यंत मोर्चा सुमारे 25 हजारांचा झाला होता. मतदान हक्क कायद्यावर 6 ऑगस्टला सही झाली.

25 मार्चच्या रात्री त्याच रस्त्यावर व्हायोला लिउझो या डेट्रॉइटहून आलेल्या गोऱ्या स्वयंसेविकेला क्लॅनच्या लोकांनी गाडीतून गोळ्या घातल्या. राज्याच्या कोर्टात खुनाच्या आरोपातून आरोपी सुटला. डिसेंबरमध्ये नागरी हक्क हिरावण्याच्या कटाचा फेडरल खटला जॉन्सन यांच्यापुढे चालला. ज्यूरीने एकमत होत नाही असं कळवलं, त्यांनी ज्यूरीला पुन्हा विचार करायला परत पाठवलं, आणि तिघे दोषी ठरले. प्रत्येकी 10 वर्षं, म्हणजे त्या कलमाखालची कमाल शिक्षा.

फेडरल जिल्हा न्यायाधीशासमोर मनाई हुकूम मागायला उभं राहिलं की तो पहिल्या काही मिनिटांत विचारतो, "वकीलसाहेब, आदेशात नेमके कोणते शब्द हवेत? मसुदा आणलाय?" मोठ्या तत्त्वांवर तासभर बोलायची तयारी करून आलेले वकील तिथेच गडबडतात. कोणी, काय, कधीपर्यंत करायचं, आणि केलं नाही तर ते कसं कळणार, एवढं कागदावर नसेल तर तो आदेश अंमलात येत नाही. इथल्या जिल्हा न्यायाधीशाचं खरं काम हे आहे, आणि याचा सर्वांत मोठा नमुना जॉन्सन यांच्याच हातचा आहे : वायट विरुद्ध स्टिकनी.

टस्कालूसा इथलं ब्राइस हे राज्याचं मनोरुग्णालय, रुग्ण पाच हजारांवर. 1970 मध्ये सिगारेटवरच्या कराचं उत्पन्न घटलं म्हणून 99 कर्मचारी कमी केले. दावा झाला, कर्मचारी वादी आणि रिकी वायट नावाचा किशोरवयीन रुग्णही वादी. जॉन्सन यांनी नोकऱ्यांचा प्रश्न मागे ठेवला आणि रुग्णांचा पुढे घेतला. राज्य ज्यांना उपचाराच्या नावाखाली डांबून ठेवतं त्यांना उपचार मिळतच नसतील तर डांबण्याचा आधार काय? मार्च 1971 मध्ये त्यांनी उपचार हा घटनादत्त हक्क ठरवला आणि राज्याला सहा महिने दिले. राज्याचा आराखडा पुरेसा निघाला नाही. मग दोन्ही पक्षांना आणि मानसोपचार क्षेत्रातल्या राष्ट्रीय संघटनांना बसवून किमान निकष तयार करून घेतले, आणि एप्रिल 1972 च्या आदेशाला परिशिष्ट म्हणून जोडले.

ते परिशिष्ट वाचताना मला आजही भरून येतं, आणि त्यात एकही भावनेचा शब्द नाही. एका खोलीत सहापेक्षा जास्त रुग्ण नाहीत. सामायिक खोलीत दर रुग्णामागे 80 चौरस फूट. आठ रुग्णांमागे एक शौचालय, पंधरा रुग्णांमागे एक न्हाणी. हॉस्पिटलातलं तापमान 68 अंश फॅरनहाइटच्या खाली आणि 83 च्या वर जायचं नाही. 250 रुग्णांमागे दोन मानसोपचारतज्ज्ञ, बारा नोंदणीकृत परिचारिका. हॉस्पिटल चालवण्यासाठी रुग्णांना फुकट राबवायचं नाही. आठ माणसांना एक शौचालय असा हुकूम लिहावा लागतो तेव्हा आधी तिथे काय असेल, ते वेगळं सांगावं लागत नाही.

न्यायाधीश हॉस्पिटल चालवायला लागला, अशी ओरड झाली. गव्हर्नर पुन्हा वॉलेसच होते. अपील न्यायालयाने 1974 मध्ये हक्क मान्य केला. पुढे 1976 मध्ये जॉन्सन यांनी राज्याच्या तुरुंगांबद्दल तसाच आदेश काढला तेव्हा वरच्या कोर्टाने काही भाग कापले, देखरेख समिती तर काढूनच टाकली. वायट प्रकरण 2003 मध्ये, तेहेतीस वर्षांनी, न्यायाधीश मायरन थॉम्पसन यांच्या हातून मिटलं. तोवर जॉन्सन हयातही नव्हते. मधल्या काळात हजारो रुग्ण बाहेर आले, आणि बाहेर त्यांच्यासाठी पुरेशी सोय सगळीकडे उभी राहिली नाही, हेही खरं. पण जे विधिमंडळ मतदार नसलेल्या वेड्यांसाठी आणि कैद्यांसाठी पैसा काढणार नव्हतं, त्याची वाट पाहत बसायचं होतं का? मला तसं वाटत नाही. सहा महिने दिले होते, तज्ज्ञ बोलावले होते, पुरावा नोंदवला होता. याहून वेगळ्या रीतीने न्यायालयाने वागायला हवं होतं असं कोणी म्हणत असेल तर ती रीत त्याने सांगावी.

आपल्याकडे बिहारमधल्या कच्च्या कैद्यांच्या हुसैनआरा खातून प्रकरणापासून सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांनी रिट अधिकारात असं काम केलं आहे. फरक एवढाच की इथे ते साक्षीपुरावा घेणाऱ्या खालच्या कोर्टाने केलं, आणि तो न्यायाधीश त्याच गावात राहत होता.

गावात राहण्याची किंमत मोठी होती. 1956 मध्ये घरापुढे क्रूस जाळला गेला. एप्रिल 1967 मध्ये त्यांच्या आईच्या घरावर बॉम्ब टाकला. फोनच्या यादीत वडिलांचं नावही फ्रँक जॉन्सनच होतं, त्यामुळे ते न्यायाधीशाचं घर समजून टाकला असावा असं मानलं गेलं. आई वाचल्या. फेडरल मार्शलांचा पहारा वर्षानुवर्षं राहिला. ज्या वर्गात ते वाढले, ज्या गोऱ्या वकिलांमध्ये उठबस होती, त्यांनी पाठ फिरवली. बदली मागायची सोय नाही, आणि कोणी बदली करू शकत नाही. आयुष्यभराच्या नेमणुकीला लोक संरक्षण म्हणतात, ते आहेच. पण त्याच लोकांमध्ये वीस-पंचवीस वर्षं बसून त्यांच्याविरुद्ध आदेश देत राहणं, हीही त्याच नेमणुकीची दुसरी बाजू आहे.

उरलेली कारकीर्द थोडक्यात. 1977 मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्यांना एफबीआयचे संचालक नेमायचं ठरवलं. प्रकृती बिघडली, त्यांनी नाव मागे घेतलं. 1979 मध्ये अपील न्यायालयात गेले, 1981 पासून ते न्यायालय विभागून झालेल्या अकराव्या सर्किटमध्ये. तिथे ते तिघांतले एक, साक्षीदार समोर नाहीत, फक्त नोंद. 1985 मध्ये त्यांनी जॉर्जियाचा, समलिंगी संबंधही गुन्हा ठरवणारा कायदा खासगी जीवनाच्या हक्काला बाधक ठरवणारा निकाल लिहिला. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो पाच विरुद्ध चारने फिरवला आणि 2003 मध्ये आपलाच तो निकाल रद्द केला. त्याआधी 1972 मध्ये लष्करातल्या स्त्रियांना पतीसाठी भत्ता नाकारणाऱ्या नियमाविरुद्ध जॉन्सन यांनी एकट्याने अल्पमताचा निकाल दिला होता. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालय त्यांच्या बाजूने गेलं. 1991 मध्ये त्यांनी सीनियर दर्जा घेतला, म्हणजे पूर्ण पगारावर राहून हलकं काम करणं. वय आणि सेवा मिळून 80 भरली आणि वय किमान 65 असलं की तो घेता येतो, आणि निवृत्तीचं वय नसलेल्या व्यवस्थेत जागा रिकामी होण्याचा हाच नेहमीचा मार्ग आहे. 1995 मध्ये राष्ट्राध्यक्षांचं स्वातंत्र्यपदक मिळालं. 23 जुलै 1999 ला मॉन्टगमेरीत निधन झालं. तिथल्या फेडरल कोर्टाला आता त्यांचं नाव आहे, आणि फ्रीडम रायडर्सना जिथे मारलं ते ग्रेहाउंड स्थानक त्या इमारतीला लागूनच संग्रहालय म्हणून उभं आहे.

आता शेवटचा प्रश्न, अधिकाराचा. महाभियोगाने आजवर 8 फेडरल न्यायाधीश पदावरून गेले, म्हणजे तो धाक रोजचा नाही. आणि आयुष्यभराची नेमणूक जॉन्सन यांनाच मिळते असं नाही. केनेडी यांनी 1961 मध्ये मिसिसिपीत नेमलेल्या विल्यम हॅरॉल्ड कॉक्स यांनी भर कोर्टात कृष्णवर्णीय मतदार अर्जदारांचा अपमान केला, आणि तेही दोन दशकं त्या खुर्चीवर राहिले. हे ज्याला मान्य नाही त्याने या व्यवस्थेचं कौतुक करू नये. मी ती स्वीकारतो, कारण रोजचा लगाम दुसरीकडे आहे. प्रत्येक निकालाला लेखी कारणं, प्रत्येक वस्तुस्थितीला नोंदीतला पुरावा, आणि वर तिघांचं पीठ. कॉक्स यांचे निकाल अपील न्यायालयाने पुन्हा पुन्हा फिरवले. निवडून येणाऱ्या न्यायाधीशांचं काय होतं हे पाहायचं तर त्याच अलाबामात राज्याचे न्यायाधीश निवडणुकीने येत होते, आणि जॉर्ज वॉलेस त्यांतलेच एक होते.

तुम्हाला अभ्यासासाठी सुचवायचं तर आधी विल्यम्स विरुद्ध वॉलेस, म्हणजे सेल्माच्या मोर्चाचा निकाल वाचा, मग वायटचं परिशिष्ट. दोन्ही इंटरनेटवर फुकट मिळतात. वाचताना प्रत्येक कलमाच्या कडेला तीन गोष्टी लिहीत जा : हे कुठल्या साक्षीवर उभं आहे, हे कोणी करायचं आहे, आणि केलं नाही तर कोर्टाला कसं कळणार. नंतर आपल्या उच्च न्यायालयाचा तुरुंगांवरचा किंवा मनोरुग्णालयांवरचा कुठलाही एक आदेश घ्या आणि त्याच तीन रकान्यांत भरून पाहा. रकाने रिकामे राहिले तर कुठे राहिले ते मला कळवा. त्यावर पुढे बोलू.